सोनेरी ऊन, गंजका पत्रा आणि गायब माणसं

दर लाँग वीकेंड संपला की मंगळवारी सकाळी आमच्या मराठी ग्रुपवर फोटोंचा पूर येतो. निम्मे समुद्राचे, पाव बार्बेक्यूचे आणि उरलेल्या पावात 'ती' शेड हमखास असते. गंजलेला पत्रा, कललेले लाकडी खांब, पुढे वाळलेलं पिवळं गवत, मागे बुडता सूर्य. आभाळ असं भडक की आता यातून देवच प्रकट होणार असं वाटावं. खाली एकच शब्द: 'सायलेन्स'. किंवा 'फरगॉटन'. मग तीस अंगठे, बारा बदाम आणि एक 'भारी रे, कुठली लेन्स?'

लेन्स कुठली ते सोडा हो. शेड कुठली?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून बघितलाय. उत्तरं ठरलेली. 'डब्बोच्या पुढे कुठेतरी', 'मॅपवर पिन आहे', 'अरे, रस्त्यात दिसली, काढला'. कोणाची, किती सालची, आत किती माणसं राबायची, अजून चालते का... काही पत्ता नाही. इतका पत्ता नसलेली वस्तू आपण एरवी भिंतीवर लावली नसती.

मी सिडनीत राहतो, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि जमेल तेव्हा कॅमेरा घेऊन ब्लू माउंटन्स ओलांडून पश्चिमेला, मेंढ्यांच्या मुलखात जातो. त्यामुळे हे बाहेरच्याने मारलेले टोमणे नाहीत, घरातलं भांडण आहे. मुद्दा एकच: रिकाम्या शिअरिंग शेडचे हे देखणे फोटो खोटं बोलतात. रंग वाढवलेत म्हणून नव्हे, ती जागा ज्यासाठी बांधली नेमकं तेच त्यातून उडवलेलं असतं म्हणून. आपण एक कारखाना उचलतो आणि त्याचं पडकं देऊळ करून टाकतो.

आधी शेड म्हणजे काय ते बघू

बाहेरच्या आवारातून मेंढ्या उतरत्या फळीवरून वर शेडमध्ये येतात. वर, कारण शेड जमिनीपासून उंच असते. मेंढ्या उभ्या राहतात तिथली जमीन फटीफटींच्या लाकडी पट्ट्यांची. लेंड्या खाली पडतात, लोकर त्यातल्या त्यात स्वच्छ राहते. तिथून मेंढ्या छोट्या कप्प्यांत. शिअरर, म्हणजे लोकर कातरणारा, झुलतं दार ढकलून आत शिरतो, एक मेंढी धरून मागे मागे ओढत आपल्या जागेवर आणतो आणि कातरतो. या जागांच्या रांगेला 'बोर्ड' म्हणतात. कातरून झालेली मेंढी घसरगुंडीवरून बाहेर, त्याच्या स्वतःच्या मोजणीच्या कप्प्यात.

इकडे लोकर अंगातून काढलेल्या स्वेटरसारखी एकसंध निघालेली असते. ती हरकाम्या पोरगा (राउसअबाउट) उचलतो आणि पट्ट्यांच्या टेबलावर एका झटक्यात चादरीसारखी पसरतो. कडेची मळकी लोकर तोडायची, बारीक तुकडे टेबलाच्या फटींतून खाली पडतात. मग क्लासर प्रत ठरवतो. प्रतीप्रमाणे खण, खणातून प्रेस, प्रेसमधून गासडी, गासडीवर स्टेशनच्या नावाचा शिक्का, आणि गाडी. (मेंढ्यांच्या त्या अवाढव्य जमिनीला तिकडे 'स्टेशन' म्हणतात. आगगाडीचा संबंध नाही.)

आमच्या धंद्यातल्या कोणालाही हे वाचून हसू येईल, कारण ही चक्क पाइपलाइन आहे. इनपुट, रांग, वर्कर, क्वालिटी चेक, आउटपुट. प्रत्येक दार, प्रत्येक फट, प्रत्येक उतार कोणीतरी विचार करून ठेवलेला. एका म्हाताऱ्या शिअररबरोबर अशी शेड बघायचा मला एकदा योग आला. मी वर आढ्याकडे, उन्हाच्या तिरिपेकडे बघत होतो. तो कप्प्याचं दार ते त्याची जागा हे अंतर पावलांनी मोजत होता. दिवसाला दीडशे मेंढ्या ओढायच्या तर दोन पावलं जास्त म्हणजे संध्याकाळी कंबरेचं काय होणार, हे त्याला न बोलता समजत होतं. माझ्या कॅमेऱ्यात तिरीप आली. शेड त्याच्या पावलांत होती.

आता त्या मोजणीच्या कप्प्याकडे परत या. प्रत्येक शिअररला वेगळा कप्पा कशाला? कारण पैसे नगावर. शंभर मेंढ्यांमागे इतके. संध्याकाळी कप्प्यातल्या मेंढ्या मोजायच्या, वहीत लिहायच्या. म्हणजे शेडच्या कडेला रांगेने दिसणारे ते कंटाळवाणे लाकडी चौकोन हे पगारपत्रक आहे. लाकडात बांधलेलं पगारपत्रक! सूर्यास्ताच्या फोटोत ते कधीच नसतं, कारण ते 'फोटोजेनिक' नाही.

गेरूची गोष्ट

पगारपत्रक म्हटलं की भांडण आलंच. एकोणिसाव्या शतकात मालकाच्या हातात एक हत्यार होतं: गेरू. 'ही मेंढी नीट कातरली नाही' असं मालकाला वाटलं की तो तिच्यावर गेरूची रेघ मारायचा. त्या मेंढीचे पैसे गेले. काही ठिकाणी तिच्याबरोबर कप्प्यातल्या बाकीच्या मेंढ्यांचेही गेले. अपील नाही, कोर्ट नाही. अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' मिळाल्यावर आठवडाभर जेवण न जाणाऱ्या आपल्या जमातीला हे दुःख समजायला हरकत नाही.

१८८६ साली शंभर मेंढ्यांचा दर २० शिलिंगांवरून १७ शिलिंग ६ पेन्सवर आणायचा मालकांचा बेत होता. त्यातून शिअरर लोकांची युनियन उभी राहिली. १८९० साली क्वीन्सलंडमधल्या जॉनडॅरियनच्या शेडमध्ये (५२ जागांची ही शेड आजही उभी आहे, आत म्युझियम आहे) युनियनबाहेरच्या माणसांनी कातरलेली लोकर ब्रिस्बेनच्या गोदी कामगारांनी जहाजावर चढवायला नकार दिला. मालकाला नमावं लागलं. १८९१ साली मालक तयारीनिशी आले. क्वीन्सलंडमध्ये मोठा संप झाला, बार्कल्डिनला संपकऱ्यांच्या छावण्या पडल्या, सरकारने सैनिक पाठवले, पुढाऱ्यांना कटाच्या आरोपाखाली तीन तीन वर्षांची सजा झाली. संप मोडला. पण आज ऑस्ट्रेलियात वारंवार सत्तेवर येणारा लेबर पक्ष ज्या चळवळींतून जन्मला, त्यांत हा संप फार वरचा. बार्कल्डिनचं ते सभेचं झाड २००६ साली कोणीतरी विष घालून मारलं. म्हणजे राग शंभर वर्षांनीही जिवंत होता की काय, कोण जाणे. १८९४ साली तर डार्लिंग नदीवर युनियनबाहेरची माणसं घेऊन निघालेली 'रॉडनी' नावाची आगबोट शिअरर लोकांनी जाळून टाकली.

हे सगळं कशावरून झालं? त्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण वाकणार आणि किती पैशाला, यावरून. आणि आपण त्या शेडखाली काय लिहितो? 'सायलेन्स'.

जॅकी हाउ नावाचा शिअरर होता. १० ऑक्टोबर १८९२ रोजी अ‍ॅलिस डाउन्स स्टेशनवर त्याने साध्या हातकात्रीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. हिशेब करा, मेंढीमागे दीड मिनिटाहून कमी. मशीनने हा आकडा ओलांडायला १९५० साल उजाडलं. कामगार आजही घालतात त्या बिनबाह्यांच्या गडद निळ्या बनियनला त्याचंच नाव आहे. हा माणूस युनियनवाला होता. शांतता म्हणे!

जुन्याचं वेड जुनंच आहे

'पण या शेड्सचं सौंदर्य तर मोठमोठ्या चित्रकारांनीही बघितलंय,' असं कोणीतरी म्हणणारच. बघितलंय ना. टॉम रॉबर्ट्सचं 'शिअरिंग द रॅम्स' हे ऑस्ट्रेलियातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र. न्यू साउथ वेल्समध्ये कोरोवाजवळच्या ब्रॉकल्सबी स्टेशनवर बघून त्याने ते १८९० साली पुरं केलं. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात आहे, जाऊन बघा.

बघताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, चित्रातले शिअरर हातकात्री चालवतायत. पण डार्लिंगच्या काठी डनलॉप स्टेशनवर १८८८ सालीच अख्खा हंगाम वुल्झलीच्या मशीनवर कातरून झाला होता. म्हणजे चित्र वाळायच्या आधीच त्यातलं जग जुनं व्हायला लागलं होतं. जुन्याच्या आठवणीने गहिवरणं आपण शोधून काढलेलं नाही, तेव्हाही होतंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रॉबर्ट्सने गहिवर येऊनही माणसं पुसली नाहीत. चित्रभर पाठी वाकल्यात, दंडाच्या शिरा दिसतात, एकजण लोकर काखोटीला मारून निघालाय, आणि डांबराचं भांडं घेऊन (मेंढीला कात्री लागली की जखमेवर डांबर लावायचं) एक पोर आपल्याकडे बघून हसतंय. त्या पोरासाठी रॉबर्ट्ससमोर उभी राहिली होती एक लहान मुलगी. शेडमधली धूळ हवी म्हणून ती पायांनी धूळ उडवायची म्हणे. घामाच्या वासासकट चित्र काढलंय त्याने. आपल्याकडे चाळीस मेगापिक्सेल आहेत, आणि माणूस फ्रेममध्ये आला तर आपण तो जायची वाट बघतो.

आणखी कोण कोण गायब

आता जरा अवघड भाग. आत्तापर्यंत मी शिअरर लोकांच्या बाजूने बोललो, तेव्हा त्यांचंही लपवून चालणार नाही.

याच युनियनने चिनी माणसांना दार बंद केलं होतं. पुढे तिचं ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनमध्ये रूपांतर झालं, तेव्हाही आशियाई माणसांना सभासदत्व नाही हा नियम राहिला. १९०१ साली संघराज्य झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या काही कायद्यांतच 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' आलं, ते १९७३ साली पुरतं गेलं. त्या धोरणाला हाक देणाऱ्यांत कामगार चळवळ पुढे होती. म्हणजे मंडळी, ज्या शेडसमोर आपण सेल्फी काढतो, त्या शेडच्या युनियनने तुम्हाआम्हाला सभासद करून घेतलं नसतं. हे वाचून त्या माणसांचा संप खोटा ठरत नाही. पण वॉल आर्ट म्हणून तो फोटो दिवाणखान्यात लावताना हे माहीत तरी असावं.

मंगो नॅशनल पार्कमध्ये १८६९ सालची एक शेड आहे. सायप्रस पाइनच्या ओंडक्यांची, फार सुंदर. चिनी मजुरांनी बांधली असं तिथे सांगतात. म्हणजे बांधायला हात चाललेत, पुढे कातरायला नाही. त्याच परिसरात वाळूच्या टेकड्यांत १९६८ आणि १९७४ साली दोन माणसांचे अवशेष सापडले, मंगो लेडी आणि मंगो मॅन. वय सुमारे ४० हजार वर्षं. बार्किंजी, मुथी मुथी आणि न्यिंपा लोकांचे ते पूर्वज. मंगो मॅन कित्येक वर्षं कॅनबेराच्या कपाटात होता, २०१७ साली परत आला, २०२२ साली पुन्हा मातीत गेला. आता सांगा, त्या शेडच्या फोटोखाली 'काळ थांबलेली जागा' असं लिहिणाऱ्याला नेमका कुठला काळ म्हणायचाय? दीडशे वर्षांपूर्वीचा, की ४० हजार वर्षांपूर्वीचा? मेंढ्या यायच्या आधी ती जमीन रिकामी नव्हती. रिकामी केली गेली. त्यानंतर तिथल्याच लोकांनी या स्टेशनांवर मेंढ्या राखल्या, कातरल्याही, पुष्कळदा तुटपुंज्या मोबदल्यावर. आता आपण रिकामी शेड काढून तिसऱ्यांदा जागा रिकामी करतो.

आणि आपली माणसं? तीही होती. लोकर बंदरापर्यंत किंवा रेल्वेपर्यंत न्यायला कोरड्या भागात उंट लागत, आणि उंटांबरोबर माणसं आली, ज्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं. त्यातले बरेच बलुचिस्तान, सिंध, पंजाबचे, म्हणजे त्या वेळच्या हिंदुस्थानातलेच. साउथ ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यात कॉर्डिलो डाउन्सची १८८३ सालची शेड आहे. लाकूड मिळेना म्हणून दगडी भिंती आणि वर कमानदार पत्रा. फोटोग्राफर मंडळींची लाडकी. तिथली लोकर उंटांच्या पाठीवरून गेली. बर्कच्या कब्रस्तानात या उंटवाल्यांची एवढीशी पत्र्याची मशीद आहे. तोच पत्रा, तोच गंज, संध्याकाळी तेच ऊन. तिचा फोटो मी आमच्या ग्रुपवर अजून एकदाही बघितला नाही.

'विसरलेली' शेड नोव्हेंबरात बघा

आता सर्वांत मोठं खोटं. शेड रिकामी आहे म्हणजे ती मेली, हा समज.

शिअरिंग हे हंगामी काम. स्टेशनच्या आकाराप्रमाणे काही दिवस, काही आठवडे. उरलेलं वर्षभर शेड रिकामीच असते, तशीच ती बांधली आहे. जुलै महिन्यात आपल्या साखर कारखान्यासमोर उभं राहून धुराडं बंद बघून कोणी 'विस्मृतीत गेलेला कारखाना' असं लिहिलं तर कोल्हापूर-सांगलीची पोरं त्याला काय म्हणतील? गळीत हंगामात ये म्हणतील. (हे सभ्य भाषेत.)

हंगामात गेलात तर साडेसातला मोटर सुरू होते. दोन तास काम, अर्धा तास चहा, पुन्हा दोन तास, जेवण, मग दुपारचे असेच दोन डाव. साडेपाचला बंद. मशीनची घरघर, रेडिओ कानठळ्या बसवणारा, कुत्री मेंढ्यांच्या पाठींवरून पळतायत, लॅनोलिनने फळ्या तुळतुळीत, घाम, शेण, शिव्या. एके काळी शेडमध्ये बाई येताना दिसली की 'तळ्यावर बदकं' अशा अर्थाची आरोळी ठोकायचे, म्हणजे सगळ्यांनी तोंडं आवरावीत. आज पुष्कळ ठिकाणी टेबलावर बायका असतात, बोर्डवरही वाकलेल्या दिसतात. १९८३ साली न्यूझीलंडकडून आलेल्या रुंद फणीच्या कटरवरून संप झाला होता. जास्त वेगाने काम होतं म्हणजे दर पडणार, अशी भीती. टूल बदललं की नोकरीचं काय, हा वाद आपल्या ऑफिसात हल्ली रोज चालतो. तो तिथे चाळीस वर्षांपूर्वी झालाय. रुंद फणी राहिली.

हं, बऱ्याच शेड खरोखर बंद पडल्या हे खरंच. पण त्यालाही कारण आहे, 'काळाचा महिमा' नाही. सरकारच्या पाठिंब्यावर लोकरीला हमीभाव होता. तो इतका वर नेला की गिऱ्हाईक फिरकेना, माल साठत गेला. फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना कोसळली तेव्हा ४५ लाखांहून अधिक गासड्या पडून होत्या. त्या सुमारास लाखो मेंढ्या गोळ्या घालून खड्ड्यांत पुरल्या, कारण विकून काही येत नव्हतं. १९९० च्या आसपास देशात सुमारे १७ कोटी मेंढ्या होत्या, आज त्याच्या निम्म्याही नाहीत. तुमच्या फोटोतला गंज बऱ्याच ठिकाणी या एका महिन्यापासून मोजता येईल. ते कॅप्शनमध्ये एका ओळीत बसतं. पण 'फरगॉटन' लिहायला टाइप कमी करावं लागतं.

आपल्याकडे तरी काय वेगळं

हा रोग फक्त इथला नाही. मराठी फोटोग्राफर मेंढ्यांच्या बाबतीत तिकडेही हेच करतो. पुण्या-मुंबईहून फोटोवॉक निघतात, पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत. भंडारा उधळतो, सगळं पिवळंधमक, आठ-आठ लेन्स एका म्हाताऱ्या धनगराच्या सुरकुत्यांवर. किंवा पहाटेच्या धुळीत चाललेला वाडा, उलट्या उजेडात. तिथे निदान माणूस फ्रेममध्ये असतो. पण त्याचा सवाल नसतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव नाही, कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून ती फेकून दिली जाते. घोंगडी विणणारे सनगर कमी कमी होत चाललेत, चराईवरून तंटे होतात. फोटोला बक्षीस मिळतं ते पिवळ्या रंगाबद्दल. इथे माणूस काढून टाकायचा, तिथे माणसाचा रंग करून टाकायचा. हिशेब एकच.

'अरे, छंद आहे यार!'

हा आक्षेप येणारच. आठवडाभर स्प्रिंट, स्टँडअप आणि रात्रीचे कॉल झाल्यावर माणसाला जरा मोकळं आभाळ बघू दे की. प्रत्येक फोटोखाली काय निबंध लिहायचा?

नका लिहू. सूर्यास्त सुंदर असेल तर सूर्यास्ताचा फोटो काढा, त्याला माझी ना नाही. पण मग शेड कशाला लागते पुढे? लागते, कारण तिच्यामुळे फोटोला 'खोली' येते, 'गोष्ट' येते. म्हणजे गोष्टीचं वजन तर हवंय, गोष्ट मात्र नको. हे फुकटात घेणं झालं. ज्यांच्या पाठी मोडल्या त्यांच्या जोरावर आपल्या वीकेंडला गांभीर्य आणायचं आणि त्यांचं नावही घ्यायचं नाही.

'कलेला माहितीचं ओझं नको' असंही म्हणतात. अ‍ॅण्ड्र्यू चॅपमन यांचं काम बघा. अनेक वर्षं त्यांनी शेड्सही काढल्यात आणि त्यात राबणारी माणसंही. माहितीने एकही फोटो कुरूप झालेला नाही. उलट बोर्डवरची झिजलेली फळी कशाने झिजली हे कळल्यावर ती जास्तच बघावीशी वाटते.

बरं, करायचं काय? टीका करून मोकळं होणाऱ्यांतला मी नाही, म्हणून थोडक्यात:

१. गेटवर थांबा, विचारून आत जा. ती कोणाची तरी जागा आहे. बुटांना आणि टायरना चिकटून तणाचं बी आणि रोग जातात. गेट जसं असेल तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आणि ड्रोन आवरा. घाबरलेल्या मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरून मरतात. तुमच्या दहा सेकंदांच्या रीलपेक्षा त्या महाग आहेत.

२. बाहेरून एक काढा, आतून दहा काढा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर नको, गुडघ्याच्या उंचीवर धरा. शिअरर दिवसभर जग तिथूनच बघतो.

३. मोजणीचे कप्पे काढा. दार ते बोर्ड हे अंतर दिसू द्या. हे कंटाळवाणे फोटो पन्नास वर्षांनी सर्वांत मोलाचे असतील.

४. भिंती वाचा. स्टेन्सिलची अक्षरं, खडूने मांडलेले आकडे, कोरलेली नावं, सालं. ही त्या इमारतीची कमिट हिस्टरी आहे. जवळून, सरळ, वाचता येईल असा फोटो काढा.

५. खाली चार गोष्टी लिहा: स्टेशनचं नाव, साल, किती शिअररच्या जागा, आणि मूळ जमीन कोणत्या लोकांची. मिळालं नाही तर मालकाला विचारा. बहुतेकांना सांगायला आवडतं, कोणी विचारत नाही एवढंच.

६. जमलं तर हंगामात परत जा, परवानगी काढून, आणि मधे मधे न करता.

इतकी घाई कशाला, असं वाटेल. घाई आहे. या शेड्स लाकडाच्या, आणि ते लाकूड वर्षानुवर्षं लोकरीचं तेल प्यायलेलं. एक वणवा पुरतो. टॉम रॉबर्ट्सने रंगवलेली ब्रॉकल्सबीची शेड १९६५ साली वणव्यातच गेली. तरी तिथे माणसं कशी वाकायची, पोर डांबराचं भांडं घेऊन कुठे उभं असायचं, उजेड कुठून यायचा, हे आपल्याला आज माहीत आहे, कारण एका माणसाने ते सगळं नीट बघून उतरवून ठेवलं होतं. तुमच्या फोटोतली शेड उद्या जळली तर मागे काय उरेल? त्या दिवशी संध्याकाळी ऊन छान पडलं होतं, एवढंच.